मान खाली घालणारीला दिसलेलं तेल

फौजदार घोरपडे मोटारसायकल दुरुस्तीला टाकून गेले आणि तासाभरात परत येऊन गरजले, "मुरारी, इंजिनाचं कव्हर तूच फोडलंस! नवं फुकट बसव, नाहीतर कोठडीत घालतो."

मुरारीनं पाना खाली ठेवला. फुटकं कव्हर त्यानं नुकतंच उतरवलं होतं आणि त्याचा एक टवकाच गायब होता. दाराआडून त्याची बायको शेवंता सगळं ऐकत होती. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती, अन् नवरा कोठडीत! पदर सावरत ती कशीबशी पुढं आली.

"साहेब, कव्हर इथं फुटलं, तर टवका इथंच हवा. नाहीतर तेलाच्या थेंबांमागं जाऊन शोधते."

"कसले थेंब?"

"मघाशी पाणी आणताना दिसले. आपल्या दारापासून पार ओढ्याकाठच्या हातभट्टीपर्यंत."

"माझ्या हद्दीत हातभट्टी नाहीच!"

"मग चार माणसं घेऊन बघूनच येते."

फौजदारांचा आवाज एकदम बसला. "राहू दे. कव्हर मी आणून देतो, मुरारी, तू फक्त बसव. पण पोरी, थेंब तुलाच बरे दिसले?"

शेवंता पायाच्या जोडव्यांकडं बघत म्हणाली, "नव्या सुनेनं मान खाली घालून चालावं म्हणतात ना, साहेब."