सागाची साक्ष

जंगलाचा इतिहास पोपटाला तोंडपाठ असे, त्या काळची गोष्ट. पाऊस लांबला, तळे आटू लागले. हरिणी सिंहाला म्हणाली, “महाराज, आता नदीकडे निघूया.”

पोपट म्हणाला, “बाई, इथे दुष्काळ कधी पडलेलाच नाही!”

“पडलाय,” म्हातारा साग म्हणाला. “कोरड्या वर्षी माझ्या खोडात बारीक वलय उमटते. सुतारदादा, बघा.”

सुतारपक्ष्याने खोल भोक पाडले. “ओळीने पाच वलये दोऱ्यासारखी बारीक आहेत, महाराज.”

“एका भोकावर कसे विसंबायचे? सबंध खोड पाहू,” सिंह म्हणाला.

हत्तींनी साग पाडला. पाचही वलये सापडली. सिंहाने ओंडक्यावर बसून सागाच्या खरेपणाचे कौतुक केले. हरिणी तिथे नव्हती. भोक पडताच ती पाडसाला घेऊन नदीकडे गेली होती.