रिकाम्या खांबावरची पाखरे

एकदा एक पन्नाशीचा शेतकरी आपल्या बापाला आठवू पाहत होता, आणि बाप काही केल्या आठवत नव्हता.

ही गोष्ट दूर अमेरिकेतल्या सपाट, वाऱ्याच्या मुलखातली आहे. नॉर्वे देशातून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी तिथलं गवताळ रान नांगरून शेतं केली होती. त्यांच्याच तिसऱ्या पिढीतला हा एंद्रे. त्याचे वडील हाल्वोर त्या वर्षी ओट्सचं पीक पिवळं पडत असताना वारले. आता नाताळ जवळ आला होता. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातल्या एकानं नाताळच्या सकाळी चर्चमध्ये उभं राहून त्याच्याविषयी चार शब्द बोलायचे, अशी तिथली रीत होती. एंद्रेला तेच चार शब्द सापडत नव्हते.

त्याला बापाची पाठ आठवे. कोटाला येणारा धान्याचा वास आठवे. दातात साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी पिण्याची सवय आठवे. आवाज मात्र आठवत नसे. हाल्वोर म्हणजे जन्मभर मूग गिळून बसलेला माणूस. ‘दार लाव’, ‘वारा फिरला’, ‘जेवून घे’, एवढ्यावर त्यांचं वर्ष निघे. थोरली बहीण राग्ना म्हणाली, “सांगून टाक की, फार चांगले होते म्हणून.” पण तसं कुणाविषयीही म्हणता येतं. एंद्रेच्या मनात खरा सल निराळाच होता. ज्यानं कधी जवळ घेऊन एक शब्द उच्चारला नाही, त्या बापाची आपल्यावर माया तरी होती का? हे तो बहिणीलाही विचारू धजत नव्हता.

शेवटी तो गावच्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींची नव्वदी जवळ आली होती. त्यांनी हाल्वोरलाही शिकवलं होतं आणि एंद्रेलाही.

“गुरुजी, उद्या नाताळ. मला बाबांविषयी बोलायचंय आणि माझ्याकडे काहीच नाही.”

गुरुजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, “तुझ्या बापाचा तो खांब कुठं आहे रे?”

त्या लोकांची एक जुनी चाल होती. नाताळच्या आदल्या सकाळी उंच खांबाला ओट्सची एक न झोडपलेली पेंढी बांधायची. बर्फाच्या दिवसांत पाखरांनी उपाशी राहू नये, म्हणून आधी त्यांचा घास आणि मग घरच्यांचं जेवण. पुढे कापणी आणि मळणी एकदमच करणारं यंत्र आलं, पेंढ्याच संपल्या, आणि घरोघरची चाल सुटली. हाल्वोर मात्र शेताचा एक कोपरा उभा ठेवत आणि विळ्यानं कापून तेवढी एक पेंढी बांधत. त्या कोपऱ्यापायी यंत्र वळवावं लागे, म्हणून एंद्रे दरवर्षी कुरकुरायचा. यंदा वडील नव्हते. त्यानं यंत्र सरळ नेलं, कोपऱ्यासकट. ओळ कशी सुतासारखी आली, म्हणून तो मनातून खूशही झाला होता.

“खांब कोठारात पडलाय,” तो म्हणाला. “पण यंदा पेंढी नाही.”

“नसू दे. चल, उभा करू.”

“रिकामा? लोक हसतील, गुरुजी.”

“हसू देत. मला हात दे, बर्फावरून पाय घसरतो.”

एंद्रेला वाटलं, वय झालं, दुसरं काय. तरी जुन्या शिष्याला नाही म्हणवेना. गुरुजींना धरून तो आपल्या शेतावर आला, आणि कोठारातला खांब घरासमोरच्या कुंपणाच्या लाकडाला दोराने आवळून उभा केला. दोघे आत येऊन खिडकीशी बसले. बाहेर आभाळ कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. सगळा मुलूख दुधात बुडाल्यासारखा होता. शेगडीच्या उबेत एंद्रेचे डोळे जड झाले, आणि त्याला वाटलं, त्या पांढऱ्यात कुणीतरी पाठमोरं चाललं आहे.

मग पाखरं आली. आधी एक चिमणी. ती खांबाच्या टोकावर बसली, इकडेतिकडे वळली, टोक चोचीनं टोकरून पाहिलं. मग दहा, मग वीस. खांबाला घिरट्या घालून सगळी कुंपणावर ओळीनं बसली. उडून जाईनात. घराच्या दाराकडं तोंड करून बसून राहिली.

“कुणाची वाट पाहतायत?” गुरुजींनी हळूच विचारलं.

एंद्रेनं मागं वळून दाराकडं पाहिलं.

“यांच्याशी तुझा बाप कधी बोलला होता?” गुरुजी म्हणाले. “ऐक. तुझा बाप सहा वर्षांचा असताना माझ्या वर्गात आला. काय बडबड्या होता! घरची भाषा, तिच्यातली गाणी, गायींची नावं. मीही त्याच भाषेत वाढलेला, पण अठरा वर्षांचा नवा मास्तर होतो. म्हटलं, पोरांनी लवकर इंग्रजी शिकावं. वर्गात घरची भाषा बोलेल त्यानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. तो आठवडाभर उभा राहिला, मग गप्प झाला. मला वाटलं, शहाणा झाला. तेव्हापासून त्याला जे म्हणायचं असे, ते तो हातांनी म्हणे. तू त्याला शब्दांत शोधतोयस, बाळा. शब्द मी काढून घेतले होते.”

म्हातारा रडत होता. एंद्रेनं त्याचा हात धरला, आणि तो सुरकुतलेला हात धरता धरता त्याला एकदम आठवलं. पेंढीची शेवटची गाठ बाबा स्वतः कधीच मारत नसत. लहानग्या एंद्रेला खांद्यावर बसवत, दोर हातात देत, आणि गाठ नीट बसेपर्यंत त्याचे दोन्ही पाय घट्ट धरून थंडीत उभे राहत. गाठ जमायला फार वेळ लागायचा. बाबांनी एकदाही घाई केली नव्हती.

तो उठला. वडिलांच्या टोपीत कणगीतले ओट्स भरून घेतले आणि खांबाच्या पायथ्याशी ओतले.

दुसऱ्या सकाळी तो चर्चमध्ये उभा राहिला. म्हणाला, “बाबा शेताचा एक कोपरा ठेवत. यंदा मी तो कापला. पुढच्या वर्षी ठेवीन.”

आणि खाली बसला. लोक अजून काही येईल म्हणून थांबले होते. मागच्या बाकावर गुरुजींनी मान खाली घातली. राग्ना डोळे पुसत त्याच्या कानाशी वाकली.

“अरे,” ती म्हणाली, “अगदी बाबा बोलल्यासारखं वाटलं.”