पिंजऱ्यातला चढा भाव

काही वर्षांपूर्वी, दूरच्या थंड समुद्रात, जाळीच्या एका पिंजऱ्यात पाळलेल्या सॅल्मन माशांचा मोठा गोतावळा होता. त्यातल्या टिकलीला सगळ्याचीच चौकशी. वरून पडणारं खाद्य कधी मूठभर, तर कधी घमेलंभर का असतं, हे कोडं तिला काही सुटेना.

तिने पिंजऱ्याच्या कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पाणकावळ्याला विचारलं, "आजोबा, मालकाची मर्जी अशी रोज का फिरते?"

"मर्जी नव्हे गं पोरी, बाजार फिरतो. भाव चढला की महागाचं खाद्यही त्याला परवडतं."

टिकलीने ही बातमी पिंजराभर केली. तेव्हापासून भाव वाढल्याचं कानावर आलं, की सगळे शेपट्या आपटत नाचायचे.

एका सकाळी मालक ओरडतच आला, "एवढा भाव जन्मात पाहिला नव्हता!" पिंजऱ्यात एकच जल्लोष झाला. सगळे तोंडं उघडून वाट बघत राहिले. पण तो दिवस गेला, दुसरा उजाडला, तरी एक दाणा पडला नाही.

"आजोबा, भाव तर चढलाय! मग खाद्य कुठंय?"

लांबून मोठं जाळं घेऊन एक बोट येत होती. पाणकावळ्याने मान फिरवली.

"पोरी, एवढं सगळं विचारलंस. भाव कोणाचा चढतो, तेवढं मात्र विचारलं नाहीस."