परत फिरलेली फौज

फार फार मागे, जिकडे नजर टाकावी तिकडे वाळूच वाळू, अशा मुलुखात लढवय्यांचं एक राज्य होतं. तिथलं मूल नीट चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसे. रणात पडलेल्याची शिळा वेशीपाशी उभी राही. आणि न लढता परतलेल्याला गावात कुणी पाण्याचा थेंबही देत नसे. रीतच होती तशी.

त्या राज्याचा सेनापती जोरावर एकदा फौज घेऊन शत्रूवर निघाला. वाटेत एकच विहीर होती आणि तिच्याच भरवशावर सगळे चालले होते. पण विहिरीवर पोचून पोहरा सोडला, तर वर नुसती वाळू आली.

शत्रूचा किल्ला अजून लांब होता. पखालींत घरापर्यंत जेमतेम पुरेल एवढंच पाणी उरलं होतं.

जोरावर विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून राहिला. त्याच्या बापाची, आज्याची शिळा वेशीपाशी होती. आपलं नाव मात्र आता लोक थुंकून घेतील, हे त्याला दिसत होतं. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "घोडी माघारी फिरवा."

एक तरुण स्वार उसळून म्हणाला, "सरदार, पाठ दाखवायची? त्यापेक्षा इथंच मेलेलं बरं!"

"पाठ दाखवायला शत्रू आहे कुठं इथं?" जोरावर म्हणाला. "लढून मरायची वेळ आली, तर सगळ्यांच्या पुढं मी असेन. पण वाळूत तडफडून मरण्याला मी लढाई म्हणणार नाही."

फौज परतली, तेव्हा वेशीचा दरवाजा बंद होता. राजाने तटावरून विचारलं, "जोरावर, रीत ठाऊक आहे ना?"

"आहे, महाराज. हुकूम माझा होता. मी बाहेरच राहतो, पण या पोरांना पाणी द्या."

इतक्यात मोठ्या दरवाजातली दिंडी उघडून म्हातारी केसराई घागर घेऊन बाहेर आली. तिचे दोन्ही मुलगे एका जुन्या स्वारीत गेले होते. अख्खं गाव तिला वीरमाता म्हणून मान देई.

"आजी, थांबा," पहारेकरी म्हणाला. "रीत मोडेल."

"मोडू दे!" केसराई म्हणाली. "माझी पोरं तलवारीनं नाही मेली रे, तहानेनं मेली. त्यातून वाचलेल्या एकानं मला गुपचूप सांगितलं. त्यांचा सरदारही कोरड्या विहिरीवर पोचला होता. पण त्याला परत फिरायची लाज वाटली."

तिने घागर कलती केली. जोरावरने आधी त्या तरुण स्वाराला पुढे केलं, मग स्वतः ओंजळ धरली.

मग एक बाई घागर घेऊन बाहेर आली, तिच्यामागून दुसरी. राजाने मान खाली घातली आणि दरवाजा सताड उघडायला सांगितलं. ती रीत त्या दिवशी संपली.

पुढच्या उन्हाळ्यात शत्रूच चालून आला. तेव्हा तटावर उभं राहायला माणसं होती, म्हणून ते राज्य वाचलं.

मरायला धाडस लागतं खरं. पण आपल्या माणसांच्या जिवासाठी नामुष्की पत्करायला त्याहून मोठं धाडस लागतं.