शेंड्यावरचा पेरू

पाठीवर तीन पट्टे, शेपटी झुपकेदार आणि नाकावर राग. अशी एक खार होती. तिचं नाव शेपी.

शेपी पेरूच्या झाडावर राहायची. झाड नलूआत्याच्या अंगणात. आत्याच्या घरी एक रीत होती. झाडाचे सगळे पेरू काढायचे नाहीत. शेंड्यावरचा एक ठेवायचा. आत्या दरवर्षी सगळ्यांना सांगायची, "शेंड्यावरचा शेपीचा बरं का."

शेपीनं ते ऐकलं होतं. ऐकलं आणि खरं मानलं.

रोज ती वर जायची, टुणुक टुणुक. पेरू हुंगायची. हिरवा. थांबायची. पुन्हा हुंगायची. पोपटी. थांबायची. आज बघितला तर पिवळा व्हायला आला होता. शेपी म्हणाली, "उद्या खाऊ."

उद्या उजाडला आणि आत्याच्या भाचीचा वाढदिवस आला. भाची म्हणजे जुई. चार वर्षांची, दोन वेण्यांची. तिच्यासकट मुलं बारा.

आत्या म्हणाली, "केक नको, वेफर नको. फळांची गंमत करू." मग केळ्याच्या होड्या झाल्या. होडीत द्राक्षांचे नावाडी बसले. संत्र्यांची कासवं झाली. आणि पेरूचे ससे झाले. फोडींचे कान, काळ्या मनुकांचे डोळे, डाळिंबाच्या दाण्याचं नाक.

एका मुलाला एक ससा. एका सशाला एक पेरू. मुलं बारा, ससे अकरा.

आत्यानं वर पाहिलं. हातात आकडी घेतली. आकडी म्हणजे लांब काठी, टोकाला वाकडी. कडाड, फांदी मोडली. धप, पेरू पडला.

शेपी दाणे शोधून परत आली, टुणुक टुणुक. शेंड्यावर पेरू नव्हता.

शेपी खिडकीत गेली.

"आत्या, आत्या, पेरू माझा, मला दे."

आत्या म्हणाली, "त्याचा ससा झाला गं. आणि ओवाळल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. जुईला पाटावर बसू दे, मग देईन."

मग. मोठ्या माणसांचा हा 'मग' फार लांब असतो.

शेपी गेली जुईकडे, टुणुक टुणुक.

"जुई, जुई, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू पाटावर बस ना."

जुई म्हणाली, "पाट गार आहे. निरांजन पेटलं, तर बसेन."

शेपी गेली निरांजनाकडे, टुणुक टुणुक.

"निरांजना, निरांजना, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू पेट ना."

निरांजन म्हणालं, "माझी वात कोरडी. तूप वितळलं, तर पेटेन."

शेपी गेली तुपाकडे, टुणुक टुणुक.

"तुपा, तुपा, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
निरांजन पेटेना,
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू वितळ ना."

तूप म्हणालं, "थंडीनं मी थिजलंय. ऊन आलं, तर वितळेन." आणि वाटीत गप्प बसलं. त्याचं काय जात होतं?

शेपी गेली उन्हाकडे, टुणुक टुणुक, थेट कौलांवर.

"उन्हा, उन्हा, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
तूप वितळेना,
निरांजन पेटेना,
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू ये ना."

ऊन म्हणालं, "मी आलंच असतं, पण वाट कुठाय? धुकं हटलं, तर येईन."

शेपी गेली धुक्याकडे, टुणुक टुणुक. तिची शेपटी ओली झाली.

"धुक्या, धुक्या, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
ऊन येईना,
तूप वितळेना,
निरांजन पेटेना,
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू हट ना."

धुकं म्हणालं, "मला पाय नाहीत. वारा सुटला, तर हटेन."

शेपी गेली वाऱ्याकडे, टुणुक टुणुक. आता पाय दुखत होते. पोटात काही नव्हतं.

"वाऱ्या, वाऱ्या, एवढं कर."
"का गं शेपी, रडतेस का?"
"रडत नाही. मागतेय.
धुकं हटेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
निरांजन पेटेना,
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू सुट ना."

वारा म्हणाला, "मी झोपलोय पेरूच्या झाडात. झाड हललं, तर सुटेन."

म्हणजे फिरून फिरून पुन्हा घरीच. शेपी गेली झाडाकडे. टुणुक. टुणुक.

"झाडा, झाडा, एवढं कर."
झाडानं पानसुद्धा हलवलं नाही.
"वारा सुटेना,
धुकं हटेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
निरांजन पेटेना,
जुई बसेना,
आत्या देईना,
पेरू माझा, मला मिळेना.
तू हल ना."

झाड म्हणालं, "नाही हलणार. मी रुसलंय. अकरा दिले, तरी बारावा ओरबाडला. माझी फांदी मोडली. कुणी विचारलं मला?"

शेपीनं वर पाहिलं. मोडकी फांदी लोंबत होती. सकाळपासून तिला फक्त पेरू दिसत होता. फांदी तिनंही पाहिली नव्हती.

शेपी हळूच वर गेली. मोडलं होतं तिथं तिनं आपली शेपटी ठेवली. ओली होती, पण मऊ होती.

"दुखलं का रे?" शेपी म्हणाली.

"दुखलं," झाड म्हणालं.

 मग झाडानं मोठा श्वास घेतला, आणि झाड हललं. सळसळ सळसळ.

झाड हललं, वारा सुटला. सूं सूं.
वारा सुटला, धुकं हटलं.
धुकं हटलं, ऊन आलं.
ऊन आलं, तूप वितळलं.
तूप वितळलं, निरांजन पेटलं.
निरांजन पेटलं, जुई बसली.
जुई बसली, आत्यानं ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा.

आणि शेपी खिडकीत जाऊन बसली. आता आत्या देणार.

आत्यानं ताट पुढं केलं. बारा हात आले. होड्या गेल्या. नावाडी गेले. कासवं गेली. ससे गेले. कुरुम कुरुम. ताटात मनुकेचा एक डोळा उरला.

"आत्या, आत्या, पेरू माझा, मला दे."

आत्या म्हणाली, "अगंबाई, संपले की. आता पुढच्या वर्षी हं."

 शेपी खिडकीतच बसून राहिली.

जुईच्या हातात ससा होता. एक कान खाल्लेला. जुईनं विचारलं, "आत्या, शेंड्यावरचा पेरू कुणाचा असतो?"

आत्यानं पदर सारखा केला. तिनं आकडी दाराआड सरकवली. म्हणाली, "शेपीचा."

"मग आज कुणी खाल्ला?"

 जुईनं हातातल्या सशाकडे पाहिलं. मग उठली आणि तो खिडकीत ठेवला.

आत्याला तेवढंच हवं होतं. ती म्हणाली, "बघा रे मुलांनो, किती गुणाची आमची जुई. आपला खाऊ खारीला दिला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुईचा फोटो काढला. शेपीला "चुकलं" असं कुणी म्हणालं नाही.

शेपीनं ससा उचलला. एकाच कानाचा, कडेला काळा पडलेला. ती म्हणाली, "दिला कसला? माझाच होता."

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. झाडाला गेलं.

शेपी मोडक्या फांदीजवळ बसली. तिनं ससा खाल्ला. कान खाल्ला, नाक खाल्लं, बियासुद्धा खाल्ल्या. गोड होता. पण तिला गोड लागला नाही.

पुढच्या थंडीत झाडाला पुन्हा पेरू आले. शेंड्यावर एक आला. आत्या अंगणात उभी राहून म्हणाली, "शेंड्यावरचा शेपीचा बरं का."

शेपीनं ऐकलं. ती वर गेली, टुणुक टुणुक. पेरू हुंगला. हिरवा. या खेपेला ती थांबली नाही. कुरतड कुरतड, तिनं तो हिरवाच खाल्ला. कडक होता. तुरट होता. अर्धा खाल्ला आणि अर्धा खाली पडला.

झाडाखाली असे अर्धे खाल्लेले कच्चे पेरू दिसतात ना? लोक म्हणतात, खार नासधूस करते. म्हणू देत. तुम्ही म्हणू नका. पिकेपर्यंत थांबली होती ती, एकदा.