घारीच्या पिसांतला ससाणा

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात मोजणीचं काम करणारी, अंगभर काट्यांची एक साळू होती. कुणाचं बीळ कुठवर, कुणाची पाणवठ्याची वाट कुठून, हे ती ठरवून द्यायची आणि हद्दीवर आपला एक गळालेला काटा रोवायची. साळूचा काटा रोवला की भांडण मिटलं, असा तिचा दबदबा! पण त्या वर्षी नदीला असा पूर आला की जुने काटे तर गेलेच, नदीनं पात्रसुद्धा बदललं. सशांची वस्तीच्या वस्ती वाहून गेली. बिचारे ससे पिलांना पोटाशी धरून उघड्या गवतात राहू लागले. नव्या काठावरची जमीन कुठे कुठे आतून पोखरलेली होती, म्हणून रानाच्या राजानं, सिंहानं, बजावलं, "उतार नीट मोजून होईपर्यंत कुणी बीळ खणायचं नाही." इकडे थंडी तोंडावर आलेली. सशीण रोज येऊन विचारायची, "साळूताई, कधी गं होणार मोजणी? पिलं गारठतात."

आता मुलांनो, एवढा मोठा उतार जमिनीवरून चालून कसा मोजणार? वरून बघणारं कुणीतरी हवं. रानातली घार तयार होती, पण तिचं सगळं काम निवांत. चार घिरट्या घालायच्या, ऊन चढलं की फांदीवर बसायचं, आभाळ भरलं की "आज नको" म्हणायचं. तेवढ्यात साळूला एक ससाणा भेटला. तो डोंगरापलीकडून थंडीपुरता आला होता. त्याची नजर काय वर्णावी! उतारावरून एकदा गेला आणि कुठे माती भुसभुशीत, कुठे खडक, कुठे बिळाला मागचं दार काढता येईल, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. साळू हरखून गेली. "ठरलं! मोजणी तूच करायचीस," ती म्हणाली.

दुसऱ्याच सकाळी पोपट आला. राजाचे हुकूम रानभर ओरडून सांगणं हे त्याचं काम. "ऐका हो ऐका! मोजणीला रानातलंच पाखरू लावायचं. बाहेरचं चालणार नाही!"

साळूला धक्काच बसला. पण ती पडली शब्दन् शब्द तोलणारी. "रानातलं म्हणजे काय रे?" तिनं विचारलं.

पोपट गडबडला. त्याला कुणी असं विचारलंच नव्हतं. "म्हणजे... रानात राहणारं असेल."

"मग हा काय, समोरच्या झाडावर राहतो की!" साळूनं ससाण्याकडे बोट दाखवलं. पोपटानं तिकडे बघायचं धाडसच केलं नाही. मान डोलावली आणि उडून गेला.

झालं, असं वाटतंय तोच पोपट पुन्हा हजर. आता म्हणे, पाखराचं रानात घरटं पाहिजे! साळूनं कावळ्याचं एक टाकलेलं घरटं शोधलं आणि ससाण्याला त्यात नेऊन बसवलं. बसला बिचारा नाक मुरडत. आणि मग तिसरा हुकूम आला : याच रानातल्या अंड्यातून निघालेलं पाखरू हवं. साळू तर मटकन खालीच बसली. "अरे, हे हुकूम आहेत की सरड्याचे रंग? काल एक, आज एक! मी मोजणी करायची कधी?"

हे सगळं घार फांदीवरून बघत होती. ती म्हणाली, "साळूताई, हुकूम बदलतोय खरा, पण दर खेपेला एकाच बाजूला सरकतोय. राजाला कसली तरी धास्ती आहे. जाऊन विचार ना त्याला."

"तुला काम मिळालं नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," साळू फणकारली. "कारण विचारत बसले, तर ससे गारठून मरतील. हुकुमातला शब्द सांभाळला की आपलं काम संपलं."

आणि मग तिनं जे केलं, ते सांगताना मलाच कसंतरी होतं. तिनं झाडाखाली पडलेली घारीची पिसं गोळा केली आणि डिंक लावून ससाण्याच्या अंगाला चिकटवली! शेपटीला दोन, पंखांना थोडी. "कुणी विचारलं, तर तू घार आहेस," तिनं त्याला पढवलं. पोपट तपासायला आला. लांबूनच बघून म्हणाला, "घार जरा वाळलीय का?"

"थंडीनं," साळू म्हणाली.

मोजणी मात्र फक्कड झाली. साळूनं जागोजाग काटे रोवले, सशांनी बिळं खणली, प्रत्येक बिळाला काटेरी झुडपाआड एक मागचं दार ठेवलं. पिलं उबेत झोपली. सशिणीनं तर साळूचे पाय धरले. सिंहसुद्धा म्हणाला, "वा! घारीनं काम चोख केलं." खरी घार फांदीवरच होती. तिनं ऐकलं आणि ती गप्प राहिली. थंडी सरली तसा ससाणा डिंक चोचीनं सोलून काढून आपल्या मुलखाला निघून गेला.

मग एका भर दुपारी डोंगरापलीकडून लांडगे आले. लांडगे येणं काही नवं नव्हतं. ते यायचे, हुंगत हुंगत भटकायचे, तोवर ससे मागच्या दारानं पसार व्हायचे. पण या खेपेला त्यांनी जमीन हुंगलीच नाही. अर्धे जण पुढच्या दारांशी उभे राहिले आणि अर्धे सरळ झुडपाआडच्या दारांशी जाऊन बसले. जणू पाहुण्यांना कुणी पत्ता सांगून धाडलं होतं. साळू बिळांकडे धावली. तिनं वर पाहिलं, तर आभाळात ससाणा!

"अरे, तू?" ती किंचाळली. "तू आमचं रान त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं की," ससाणा सहज म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता की लाज नव्हती. "मी तिकडचा. तिकडच्यांनी विचारलं, पाहिलेलं सांगितलं. सांगू नकोस असं तू कधी म्हणालीस? तू एवढंच म्हणालीस, की घार म्हणून उड. मी उडालो."

सिंह धावत आला, लांडगे पळाले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सिंहानं घारीला बोलावलं आणि तिच्याकडून सगळं ऐकलं, मग तो साळूकडे वळला.

"कुणीतरी आपल्या रानाची बातमी बाहेर नेतं, एवढंच आधी कळलं होतं," तो म्हणाला. "जसजसं जास्त कळत गेलं, तसतसा मी हुकूम आवळत गेलो. अगं साळू, उतार घारीनं मोजला असं तू सांगितलंस, म्हणून तर मी तिथे पहारा ठेवला नाही!"

साळूला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात सशीण समोर येऊन उभी राहिली. तिची दोन पिलं तिच्या मागे होती. तिसरं बिळातून बाहेर आलंच नव्हतं.

"साळूताई," तिनं हळूच विचारलं, "ती घार नव्हती, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं," साळू म्हणाली.

सशिणीनं उरलेल्या दोन पिलांना पोटाशी धरलं आणि ती उघड्या गवताकडे चालू लागली. तिला रडूसुद्धा आलं नाही.

तात्पर्य : नियमाच्या शब्दातून पळवाट काढणाऱ्यानं आधी विचारावं, की हा नियम कुणाला वाचवण्यासाठी आहे, कारण त्या पळवाटेची किंमत तोच मोजतो, ज्याला वाचवायचं होतं.