वानराचे नवे तळे

डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका रानात, नदीच्या डोहावर वाकलेल्या उंबरावर एक वानर राहत असे. त्याला मासे पाहण्याचा फार नाद होता. पण डोहात मगर होती, त्यामुळे काठावर बसण्याची सोय नव्हती. फांदीवरून पाहावे तर नुसती रुपेरी चमक दिसे आणि लगेच नाहीशी होई. म्हणून त्याने ठरवले, की वर कातळावर आपले स्वतःचे तळे करायचे.

कातळात एक ऐसपैस खोलगट जागा होती. वानराने तिथले शेवाळ खरवडले, जुना गाळ उपसून फेकून दिला. नदीतले गोटे आणून ते गवताच्या चोथ्याने घासून लख्ख केले. वाळूसुद्धा गढूळपणा जाईपर्यंत धुतली. मग भोपळ्याच्या वाळक्या कवचात झऱ्याचे पाणी आणून आणून तळे भरले. पाणी इतके नितळ होते, की तळाचा कण न् कण दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मगर पलीकडच्या वाळूवर ऊन खात पडली असताना वानर डोहाच्या काठी आला. तिथे एक मासोळी आपल्या पिल्लांना घेऊन लव्हाळ्यात दडून बसलेली असे, कारण डोहातली मरळ तिची पिल्ले खाई.

"माझ्या तळ्यात राहायला चला," वानर म्हणाला. "तिथे मरळ नाही, मगर नाही. खायला मी घालीन."

"पाणी कसं आहे?" मासोळीने विचारले.

"कालच भरलंय. याहून स्वच्छ पाणी तू पाहिलं नसशील."

"कालच?" मासोळी जरा थबकली. "थोडे दिवस जाऊ दिले तर?"

"दिवस कशाला घालवायचे? तोवर मरळ आणखी एखादं पिल्लू उचलेल."

हे मात्र खरे होते. मासोळी पिल्लांसह भोपळ्याच्या कवचात शिरली.

सुरुवातीला सारे छान चालले. वानर दिवसभर तळ्याकाठी बसे आणि उंबरे कुस्करून पाण्यात टाकी. पिल्ले खात, उरलेले तळाशी बसे. मग एका सकाळी पाणी दुधाळ दिसू लागले. सगळे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करत होते.

"काय झालं?" वानराने घाबरून विचारले.

"अंगाची आग होतेय," मासोळी म्हणाली. "श्वास पुरत नाही."

वानराला वाटले, तळे घाण झाले. त्याने सगळे पाणी बदलले, गोटे पुन्हा घासले, वाळू पुन्हा धुतली. माशांना तेवढ्यापुरते बरे वाटले. पण थोड्याच दिवसांत पाणी परत बिघडले आणि दोन पिल्ले उलटी होऊन तरंगू लागली. तेव्हा त्याने उरलेल्यांना कवचात घेतले आणि धावत डोहात नेऊन सोडले.

"तू आमचं वाईट करायला आला नव्हतास," मासोळी म्हणाली. "पण गेली ती पिल्लं गेलीच." एवढे बोलून ती लव्हाळ्यात निघून गेली.

वानराला त्या दिवशी अन्न गोड लागले नाही. डोहातल्या एका कासवाला त्याने विचारले, "मी एवढी सफाई केली, तरी असं का झालं?"

कासव म्हणाले, "पूर ओसरला की कातळावर नवी डबकी होतात. त्यांत लगेच अडकलेले मासे सहसा टिकत नाहीत. पण गोटे बुळबुळीत झाले, की तिथेच मासे सुखाने राहतात. त्या बुळबुळीत थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात म्हणे. माशांची घाण ते पचवतात. नाहीतर त्या घाणीचंच विष होतं. तू ते जीव दोनदा धुऊन टाकलेस."

मग वानराने पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याने डोहातले शेवाळलेले गोटे न धुता आणले, मूठभर गाळ आणला आणि पाणवनस्पतीचे एक रोप लावले. त्या न दिसणाऱ्या जीवांनाही खायला हवे, म्हणून तो अधूनमधून पिकलेले उंबर पाण्यात टाकी. पाणी पांढुरके झाले, मग हिरवट झाले. त्याला वास येऊ लागला.

"तळं कसलं हे? रानडुकरांना लोळायला केलंयस का?" त्याच्या कळपातली एक वानरी म्हणाली.

एकदा वानराला राहवेना, पाणी उपसून टाकायला त्याने कवच उचललेही. पण मेलेली पिल्ले आठवली आणि त्याने ते खाली ठेवले. बालमित्रांनो, नुसते बसून राहणे वानराला किती जड जाते, हे तुम्ही जाणताच.

हळूहळू वास गेला. पाणी आपोआप निवळले. गोटे बुळबुळीत झाले आणि पाण्यावर किडे धावू लागले. तेव्हा वानर डोहावर गेला आणि त्याने मासोळीला हाक मारली.

"मी एकटी येते," मासोळी म्हणाली. "पिल्लं बहिणीपाशी इथेच राहतील."

"पण इथे मरळ आहे."

"आहे. पण ती निदान दिसते तरी."

वानराने मान खाली घातली आणि तिला एकटीलाच नेले. तो आता रोज अगदी थोडे खायला घाली आणि ते संपले की नाही, हे वाकून पाही. मासोळी गोट्यांवरचे शेवाळ टिपत तळ्यात फिरत राहिली. ती आली त्या रात्रीसारखा चंद्र पुन्हा वाटोळा झाला, तरी तिला काहीच त्रास झाला नाही.

एके दिवशी ती काठाशी आली. "आता पिल्लांना आण," ती म्हणाली. "पण सगळ्यांना एकदम नको. आधी दोघांना आण, मग बघू."

"बरं," वानर कवच उचलत म्हणाला. "मला घाई नाही."

तात्पर्य : जागा स्वच्छ दिसली म्हणजे ती राहण्याजोगी झाली असे नव्हे, दुसऱ्याचा जीव आपल्या भरवशावर आणण्याआधी ती तयार होईपर्यंत थांबायला हवे.